हुंकार देणारा माणूस : आर्ट बेल आणि मध्यरात्रीचा रेडिओ

११ सप्टेंबर १९९७ च्या रात्री अमेरिकी रेडिओ निवेदक आर्ट बेलने आपल्या मध्यरात्रीच्या फोन-इन कार्यक्रमात एक फोन लाइन खास ‘एरिया ५१’मधल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती. एरिया ५१ म्हणजे नेवाडाच्या वाळवंटातला अमेरिकी हवाई दलाचा तळ. परग्रहावरून आलेली यानं तिथे दडवून ठेवली आहेत, असं मानणारे लोक तेव्हाही भरपूर होते, आजही आहेत. एक फोन आला. पलीकडचा माणूस रडवेला झालेला. आपण त्या तळावर कामाला होतो, प्रकृतीच्या कारणावरून आपल्याला सोडलं, आता ते लोक मागावर आहेत, बोलायला फार वेळ नाही, असं तो धापा टाकत सांगत होता. आपण ज्यांना परग्रहवासी म्हणतो ते भलतंच काही आहे, मोठी संकटं येणार आहेत आणि सरकारला ती ठाऊक आहेत, असं काहीबाही चालू असताना मधेच सगळं बंद पडलं. देशभरच्या स्टेशनांवर शुकशुकाट. कार्यक्रम या स्टेशनांना पुरवणाऱ्या नेटवर्कचा उपग्रहाशी असलेला दुवा तुटला होता. गाडी रुळावर यायला जवळपास अर्धा तास गेला.

रेडिओत काम केलेल्या कुणालाही विचारा, दहा सेकंद आवाज गेला तरी पोटात गोळा येतो. इथे अर्धा तास, तोही नेमका त्या फोनच्या मधोमध. श्रोत्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला, यात नवल काय!

पत्रकारितेच्या मुलांना हे प्रकरण शिकवताना मी याच फोनपासून सुरुवात करतो. पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, एका माणसाने कार्यक्रमात फोन करून कबुली दिली की तो रडवेला फोनवाला मीच, आणि ते सगळं नाटक होतं; तो रडवेला आवाज त्याने काढूनही दाखवला. हे मी मुलांना लगेच सांगत नाही. आधी विचारतो, बेलने या माणसाला बोलू द्यायला हवं होतं का? निम्मा वर्ग हो म्हणतो, निम्मा नाही. कबुलीचं सांगितल्यावर हात बदलतात, पण सगळे एकाच बाजूला जात नाहीत. म्हणून हे प्रकरण मला शिकवायला आवडतं.

गोष्टीला दोन माणसं लागतात, एक सांगणारं आणि एक हुंकार देणारं. आजोळी पडवीत मुंज्याची नाहीतर हडळीची गोष्ट रंगात आली की ‘हूं’ म्हणायचं काम कुणा एकाकडे असायचं. ‘हूं’ थांबला की आजोबाही थांबायचे, “निजलास काय रे?” हुंकार म्हणजे होकार नव्हे. ‘हूं’ म्हणणाऱ्याचा मुंज्यावर विश्वास असलाच पाहिजे असं नाही. पुढे सांगा, मी जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते आर्ट बेलइतका निष्णात हुंकार देणारा रेडिओला दुसरा मिळालेला नाही. पण पडवीत ऐकणारे दहाजण असतात आणि हुंकार कुणाचा, होकार कुणाचा, हे त्यांना कळतं. तोच हुंकार पाचशे स्टेशनांवरून ऐकू गेला की काय होतं?

हॅमवाला

आर्थर विल्यम बेल जन्मला १७ जून १९४५ ला, नॉर्थ कॅरोलिनात. आई-वडील दोघंही मरीन दलातले. तेराव्या वर्षी पोराने हॅम रेडिओचा, म्हणजे घरून हौसेने बिनतारी संभाषण करण्याचा, परवाना मिळवला, आणि ही गोष्ट त्याच्या पुढच्या कारकिर्दीची किल्ली आहे असं मला वाटतं. हॅमवाला रात्री यंत्रासमोर बसून ‘सीक्यू, सीक्यू’ अशी साद घालतो. अर्थ साधा, जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावं. उत्तर देणारा न्यूझीलंडचा डॉक्टर असेल नाहीतर दोन गल्ल्या पलीकडचा शाळकरी मुलगा. आला त्याच्याशी बोलायचं, ही या छंदाची रीतच. बेलचा डब्ल्यू-सिक्स-ओबीबी हा हॅम संकेत त्याच्या श्रोत्यांना तोंडपाठ होता.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो हवाई दलात वैद्यकीय सहायक होता. तिथेही फावल्या वेळात तळावरच चोरून एक छोटं स्टेशन चालवायचा आणि लष्करी रेडिओवर न लागणारी युद्धविरोधी गाणी लावायचा. पुढे जपानच्या ओकिनावा बेटावरच्या केएसबीके या इंग्रजी स्टेशनवर निवेदक झाला. सलग ११६ तास १५ मिनिटं प्रसारण करण्याचा विक्रम तिथलाच. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडायच्या सुमारास जमलेल्या पैशातून विमान भाड्याने घेऊन १३० व्हिएतनामी अनाथ मुलांना बाहेर काढलं, अशी त्याच्या चरित्रातली नोंद आहे. भुताखेतांचा रेडिओवाला म्हणून हसण्यावारी नेण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

१९७८ मध्ये लास वेगासच्या केडीडब्ल्यूएनने त्याला रात्रीचे पाच तास दिले. ५० हजार वॉटचं मीडियम वेव्ह स्टेशन. आता रात्री मीडियम वेव्हचं काय होतं, हे ट्रान्झिस्टरवर वाढलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको. दिवसा जवळचंच स्टेशन खणखणीत लागतं आणि रात्री अकरानंतर कुठली कुठली, कळेना अशा भाषेतली स्टेशनं खरखरत येतात. आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर दिवसा या लहरी पिऊन टाकतो. सूर्य बुडाला की तो विरतो आणि वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो मैल दूर उतरतात. म्हणजे दिवसा एका शहराचं असणारं स्टेशन रात्री अमेरिकेच्या अख्ख्या पश्चिमेचं होत होतं. ट्रकवाले, रात्रपाळीच्या नर्सेस, वॉचमन, झोप न येणारे म्हातारे. जे एकटे होते ते ऐकत होते.

सुरुवातीला विषय राजकारणाचेच होते. १९८७ मध्ये अमेरिकेत रेडिओवर वादाच्या दोन्ही बाजू मांडायचा दंडक उठला आणि राजकीय बडबडीचा पूर आला. (आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाच परवानगी नाही, त्यामुळे हा प्रकार इथे कधी रुजलाच नाही. याचं सुख मानायचं की दुःख, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.) १९८८ मध्ये कार्यक्रमाचं नाव ‘कोस्ट टू कोस्ट एएम’ झालं आणि हळूहळू बेल त्या गर्दीतून बाजूला सरकला. उडत्या तबकड्या, मृत्यूनंतरचं जग, सरकारी गुपितं, भुतं. आपण आणि बायकोने घरी जाताना डोक्यावरून आवाज न करता जाणारं एक भलंमोठं त्रिकोणी यान पाहिलं, असं तो स्वतःही सांगायचा.

रात्री बारानंतरचा वेळ म्हणजे रेडिओवाल्यांच्या लेखी पडीक जमीन. जाहिराती नाहीत, म्हणून पैसे खर्चून कुणी कार्यक्रम करत नाही. नेटवर्कने तयार कार्यक्रम दिला आणि मोबदल्यात जाहिरातींची काही मिनिटं मागितली, तर स्टेशनमालक आनंदाने हो म्हणतो. त्या पडीक जमिनीत बेलने पीक काढलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जवळपास ५०० स्टेशनं हा कार्यक्रम घेत होती आणि श्रोत्यांचे दावे दीड कोटीपर्यंत गेले होते. रेडिओतले असे आकडे थोडे पाणी घालूनच घ्यावेत, पण निम्मे धरले तरी मध्यरात्रीला ते अचाट आहेत. आणि हे सगळं कुठून? लास वेगासपासून तासाभराच्या अंतरावर, पारम्प नावाच्या गावातल्या राहत्या घरातून. आवारात खांबांवर तारा ताणून केलेला प्रचंड अँटेना.

चाळणी नाही

आपल्याकडे फोन-इन कार्यक्रमात कुणीतरी आधी फोन उचलतं, नाव-गाव-विषय विचारतं, पिऊन बोलतोय का याचा अंदाज घेतं. बऱ्याचदा फोन आधी रेकॉर्ड करून, काटछाट करूनच ऐकवला जातो. बेलने ही चाळणीच काढून टाकली होती. रॉकी पर्वतांच्या पूर्वेची लाइन, पश्चिमेची लाइन, पहिल्यांदाच फोन करणाऱ्यांची लाइन, परदेशाची लाइन. वाजला फोन की उचलायचा, थेट प्रसारणात. कधी कालप्रवाशांसाठी खास लाइन, कधी आणखी कुणासाठी. हॅमवाल्याची सवय दुसरं काय!

या चाळणी नसण्यातून काय यायचं त्याचा एक मासला. २१ फेब्रुवारी १९९७ ला मेल वॉटर्स असं नाव सांगणाऱ्या एका माणसाने फोन केला. वॉशिंग्टन राज्यात एलेन्सबर्गजवळ आपल्या जमिनीत एक भोक आहे, त्याला तळच नाही. आजूबाजूचे लोक जुने फ्रिज, टायर, मेलेली जनावरं त्यात टाकतात, पण पडल्याचा आवाज कधी येत नाही. मासेमारीचा दोरा सोडून आपण मोजायचा प्रयत्न केला, ८० हजार फूट गेला तरी तळ लागला नाही. ८० हजार फूट म्हणजे २४ किलोमीटरच्या वर. रशियात कोला इथे माणसाने वर्षानुवर्षं यंत्रं लावून पाडलेलं सगळ्यात खोल भोक १२,२६२ मीटरचं. त्याच्या दुप्पट, तेही दोऱ्याने मोजलेलं! एवढ्या खोलीवर उष्णता आणि दाब यांनी भोक मिटूनच जाईल, हे कुठलाही भूगर्भशास्त्रज्ञ सांगेल. पुढे पत्रकारांनी शोध घेतला, तर त्या भागात ना भोक सापडलं ना त्या नावाचा जमीनमालक.

पण तो फोन ऐकताना हे काही सुचत नाही. बेल हसत नाही, टोमणा मारत नाही, घाईही करत नाही. त्याचा खर्जातला आवाज तपशील मागत राहतो, गॅरेजवाल्याने गाडीबद्दल विचारावं तसा. प्रश्न व्यवहारातले असले की सांगणाऱ्याला उत्तरंही व्यवहारातली द्यावी लागतात, आणि तशी उत्तरं आली की गोष्ट खरी वाटायला लागते. ही बेलची खरी कारागिरी. मोठ्या आवाजात ‘खरं सांगताय?’ म्हणणारा निवेदक गोष्टीचा जीव घेतो. बेल तिला खायला घालायचा.

मिचिओ काकू यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञही त्याच्याकडे यायचे, तासतासभर बोलायचे, आणि तितक्याच शांतपणे ऐकले जायचे. अडचण नेमकी तिथेच होती. शास्त्रज्ञाला मिळणारा हुंकार आणि भोकवाल्याला मिळणारा हुंकार यांत फरक नव्हता.

धूमकेतू

१९९७ च्या एप्रिलमध्ये संध्याकाळी गच्चीवर गेलात, तर वायव्येकडे हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. पांढुरकी शेपटी, थोडी वर वळलेली. आमच्या इमारतीत मुलांना जेवण सोडून वर नेऊन तो दाखवला जात होता. जुलै १९९५ मध्ये अॅलन हेल आणि थॉमस बॉप या दोघांनी तो एकाच रात्री स्वतंत्रपणे शोधला होता. आपल्याकडे गच्चीवर ही मजा चालली होती, तोवर अमेरिकेत याच धूमकेतूवरून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

१४ नोव्हेंबर १९९६ ला ह्यूस्टनचा चक श्रामेक नावाचा हौशी आकाशनिरीक्षक बेलच्या कार्यक्रमात आला. आपण काढलेल्या फोटोत धूमकेतूजवळ शनीसारखी, कडी असलेली एक वस्तू दिसते, आणि ताऱ्यांच्या नकाशात त्या जागी काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. खगोलशास्त्रज्ञांनी बघता बघता खुलासा केला. तो ताऱ्यांच्या यादीत एसएओ १४१८९४ या क्रमांकाने नोंदलेला, आठव्या प्रतीच्या तेजाचा साधा तारा. कॅमेऱ्यात तेजस्वी ताऱ्याभोवती उमटणारे फराटे श्रामेकला कडी वाटले होते.

इथपर्यंत मी बेलला दोष देत नाही. हौशी माणसाची चूक झाली, तज्ज्ञांनी ती दाखवली, विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण त्यात एक प्राध्यापक उतरले. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे कोर्टनी ब्राउन. ‘रिमोट व्ह्यूइंग’, म्हणजे बसल्या जागी मनाने दूरचं पाहणं, याची त्यांनी एक संस्था काढली होती. आपल्या लोकांनी ती वस्तू मनाने पाहिली आहे आणि ती परग्रहवासीयांची आहे, असं त्यांनी बेलच्या श्रोत्यांना सांगितलं. वर पुरावा म्हणून फोटोही दिले. एका नामांकित विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञाने ते काढलेत, तो लवकरच पत्रकार परिषद घेऊन समोर येणार आहे, तोवर फोटो बाहेर काढायचे नाहीत, अशी अट.

बेलने आणि त्याचा सहकारी लेखक व्हिटली स्ट्रीबर याने ती अट पाळली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी चूक ही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं झालं. फोटो दाखवला असता तर चार तासांत त्याचा निकाल लागला असता. पण फोटो आहे, आम्ही पाहिलाय, दाखवता येत नाही, असं आठवड्यामागून आठवडे चालल्यावर त्या न दिसणाऱ्या फोटोचं वजन दिसणाऱ्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त झालं. बेलची सगळी पत उघडेपणावर उभी होती, आला फोन की घेतला, आलं ते ऐकवलं. नेमक्या याच वेळी त्याने एक वस्तू मुठीत धरून ठेवली. वर्गात मी हे सांगतो तेव्हा कुणीतरी म्हणतं, “सर, पण त्याने शब्द दिला होता.” दिला होता, खरं आहे. पण ज्याला शब्द दिला त्या खगोलशास्त्रज्ञाचं तोंडही बेलने पाहिलेलं नव्हतं.

कुणी समोर आलं नाही. जानेवारी १९९७ च्या मध्यावर बेल आणि स्ट्रीबरने कंटाळून फोटो जाहीर केले. निकाल लगेच लागला. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञांनी, त्यांत डेव्हिड थोलेन होते, ओळखलं की हा आपलाच जुना फोटो. कुणीतरी त्यात एक ठिपका वाढवलाय. बेलने मग प्रसारणात ब्राउन यांची बाजू सोडली. प्रकरण फसवणुकीचं आहे हे त्याने लपवलं नाही, हे त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

२६ मार्च १९९७ ला कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ रँचो सांता फे इथल्या एका बंगल्यात ३९ मृतदेह सापडले. ‘हेवन्स गेट’ या पंथाचे लोक आणि त्यांचा गुरू मार्शल अॅपलव्हाइट. सगळ्यांच्या पायात एकसारखे नवे काळे-पांढरे बूट. धूमकेतूमागून येणाऱ्या यानात बसून आपण वरच्या पातळीवर जाणार, अशी त्यांची श्रद्धा होती.

बोटं लगोलग बेलकडे वळली. तारखांकडे बघून सांगायचं तर हा आरोप जसाच्या तसा टिकत नाही. पंथ सत्तरच्या दशकापासून होता, यानातून जायची कल्पना तितकीच जुनी, आणि धूमकेतूला सोबती असो वा नसो, आम्हाला फरक पडत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. फोटो खोटा असल्याचं तर दोन महिने आधीच जाहीर झालं होतं. पण म्हणून पाटी कोरी होते का? धूमकेतूला सोबती आहे, ही गोष्ट घराघरांत नेऊन पोचवली ती बेलच्या कार्यक्रमाने. ३९ जणांच्या मृत्यूचं कारण तो नव्हता. त्या ऋतूतली हवा मात्र त्याने तयार केली होती. १९९८ मध्ये संशयवाद्यांच्या एका अमेरिकी मंडळाने त्याला ‘विझवलेली मेणबत्ती’ नावाचा उपरोधिक पुरस्कार दिला, भोळसटपणा वाढवल्याबद्दल.

दुसऱ्याचा माइक

१३ ऑक्टोबर १९९८ ला, सगळं भरभराटीला असताना, बेलने कार्यक्रम संपवता संपवता सांगितलं की मी थांबतोय, घरावर एक भयंकर प्रसंग आलाय. पंधरा दिवसांत तो परतला. एप्रिल २००० मध्ये पुन्हा थांबला. त्याच्या कुटुंबातल्या व्यक्तीवर एक गुन्हा घडला होता. तपशील अमेरिकी वर्तमानपत्रांत छापून आले, इथे त्यांचं काम नाही.

काम आहे ते पुढच्या गोष्टीचं. याच काळात दुसऱ्या एका रेडिओ स्टेशनवरून काही लोकांनी खुद्द बेलवरच अत्यंत घाणेरडा, निराधार आरोप केला. कुणी तपासलं नाही, कुणी अडवलं नाही, ऐकणाऱ्याने ऐकून घेतलं. बेल कोर्टात गेला आणि प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं. वर्गात इथे शांतता होते. चाळणी नसलेला माइक दुसऱ्याच्या हातात गेला की कसं लागतं, हे त्याला कळलं असेल का, असा प्रश्न एका मुलीने एकदा विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. परतल्यावर त्याने फोन पारखायला सुरुवात केली नाही, एवढंच मी सांगू शकलो.

फेब्रुवारी २००१ मध्ये तो परतला, कारण त्याच्या जागी आणलेल्या निवेदकाबरोबर श्रोते टिकेनात. २००२ अखेर पाठदुखीने पुन्हा निवृत्ती. २००३ पासून निवेदक म्हणून जॉर्ज नूरी आले आणि बेलकडे शनिवार-रविवार उरले. पुढे २००७ मध्ये निवृत्ती, २०१३ मध्ये उपग्रह रेडिओवर जेमतेम दीड महिना, २०१५ मध्ये इंटरनेटवर पाच महिने. शेवटच्या वेळी कारण दिलं की रात्री घराच्या आवारात कुणीतरी घुसून गोळ्या झाडतं. येणं-जाणं इतकं झालं की श्रोत्यांनी त्याच्या निरोपाचं मनावर घेणं सोडून दिलं.

मधली एक रात्र मात्र वेगळी. ५ जानेवारी २००६ ला त्याची पत्नी रमोना प्रवासात दम्याच्या झटक्याने गेली. अडीच आठवड्यांनी, २२ तारखेला, तो माइकसमोर बसला आणि काय झालं ते सुरुवातीपासून सांगत गेला, तपशिलाने, तसाच संथ. वर्षानुवर्षं इतरांना ‘पुढे सांगा’ म्हणणारा माणूस त्या रात्री स्वतः सांगत होता. ऐकताना लक्षात येतं, सांगणारा थांबतो तेव्हा पलीकडून ‘हूं’ येत नाही. नुसती मीडियम वेव्हची खरखर.

त्याच वर्षी त्याने फिलिपिन्सच्या एका तरुणीशी लग्न केलं, काही काळ मनिलातून कार्यक्रम केला, नंतर पारम्पला परतला. १३ एप्रिल २०१८ ला तिथल्या घरी तो वारला, वय ७२. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि तेरा तारखेच्या शुक्रवारी आर्ट बेल जावा यावर त्याच्या श्रोत्यांनी काय काय रचलं असेल ते सांगायला नको. काही महिन्यांनी क्लार्क काउंटीच्या कॉरोनरचा, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल आला. जुनाट श्वसनविकार, रक्तदाब, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक व स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचं एकत्र झालेलं मिश्रण. मृत्यूचा प्रकार : अपघाती.